वेठीला उर्दूत काय म्हणतात

आमच्या म्होरक्या एडक्याची घंटा माझ्या गळ्यात बांधली गेली, तेव्हा देशमुखांच्या ओसरीवरची पंगत नुकतीच उठली होती. दौऱ्यावर आलेले तहसीलदार लोडाला टेकून पान खात होते. मी खाली अंगणात उभा होतो. देशमुखांनी गड्याला नुसती मान हलवून खूण केली. गडी मागून आला, दोरी मानेत टाकली आणि गाठ मारली.

"साहेब, हे आमच्या धनगराचं मेंढरू," देशमुख म्हणाले. "पण शिकलेलं हाय. उर्दू बोलतं. बोल बे."

ओसरी हसली. मी हललो की घंटा वाजायची, घंटा वाजली की ते पुन्हा हसायचे. आवाज मी ओळखला होता. सकाळीच देशमुखांचे गडी रानातून आमचा एडका ओढत घेऊन गेले होते. घंटा इथं, मग एडका कुठं, हे विचारायची गरज नव्हती. अंगणभर रश्श्याचा वास होता.

"बोल बे."

मी बोललो. शाळेत शिकवलं होतं तसा कमरेत वाकलो, हात कपाळाला लावला.

"हुजूर की खिदमत में हाजिर हूं."

तहसीलदार खूश झाले. पोरगा चांगला आहे म्हणाले, तहसिलीत कारकुनाची जागा निघाली की पाठवा म्हणाले. देशमुखांनी गुळाचा खडा फेकला. मी तो पागोट्याच्या शेमल्यात झेलला. आणि खाल्ला. तिथंच, उभ्या उभ्या, गळ्यात घंटा घेऊन. गूळ गोड लागला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

मी काही लहान लेकरू नव्हतो. मिसरूड फुटलं होतं. कळत होतं सगळं.

राज्य निजामाचं होतं. शाळा उर्दू, कचेरी उर्दू, अदालत उर्दू. आम्ही सिंदफणेच्या काठची मराठी माणसं. आईबाप पटकीच्या साथीत गेले, तेव्हा थोरल्या भावानं, म्हाळूनं मला वाढवलं. मी त्याला आण्णा म्हणायचो. आण्णाला अक्षर येत नव्हतं. मेंढरामागं फिरता फिरता त्यानं एवढं एक ताडलं होतं, की सरकारची बोली ज्याला येत नाही त्याला सरकार दिसतच नाही. म्हणून त्यानं मला तालुक्याला शाळेत घातलं. माझी भाकर तो आठवड्याच्या बाजारी स्वतः आणून द्यायचा. घरात एकाला तरी ती बोली यावी, एवढाच त्याचा हट्ट. त्या बोलीनं मी पहिलं काम केलं ते हे. देशमुखांच्या अंगणातलं.

आमच्याकडं मेंढरं रानात बसवायची रीत आहे. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावतो. मेंढरं रात्री त्याच्या रानात बसतात, लेंडी-मुताचं खत जमिनीत मुरतं, बदल्यात धनगराला धान्य मिळतं. राजीखुशीचा सौदा. सगळे असंच करायचे. देशमुख करत नसत. त्यांच्याकडं धान्य नव्हतं असं थोडंच. कळपानं आधी त्यांच्या रानात बसायचं, ते सोडतील तेव्हाच उठायचं, हा आपला हक्क आहे असं ते म्हणत. आम्ही त्याला वेठ म्हणायचो.

त्या साली मेंढ्या व्यायला आल्या होत्या. देशमुखांच्या रानातलं गवत संपलं. वर चकलांब्याकडच्या माळावर चारा होता, पण बांधावर काठ्या घेऊन गडी उभे. आयांना दूध येईना. कोकरं मरायला लागली. वहिनी, आण्णाची बायको गिरजा, रोज मेलेली कोकरं ओच्यात घेऊन ओढ्याला जायची आणि पुरून यायची. देशमुखांकडं परवानगी मागायला म्हणून मी गेलो होतो. ती मागणी माझ्या तोंडातून निघालीच नाही. निघालं ते दुसरंच.

मी परत आलो तेव्हा घंटा गळ्यातच होती. गाठ सोडायचं मला सुचलं नव्हतं. रानाच्या तोंडाशी आलो आणि सगळा कळप उठला. मेंढरं म्होरक्याच्या घंटेमागं चालतात. त्यांना वाटलं, म्होरक्या आला. ती धावत माझ्याकडं आली, मला घेरून उभी राहिली, माझ्या तोंडाकडं बघायला लागली. आता कुठं जायचं, असं.

आण्णा काठीला टेकून बघत होता. तो जवळ आला. गाठ त्यानं दातानं सोडवली. घंटा हातात घेऊन म्हणाला, "जेवली का मंडळी?"

मी मान हलवली.

"चवीचा होता तो," आण्णा म्हणाला. आणि वहिनीला हाक मारली, "गिरजे, उद्या मी अदालतीत जाणार हाय."

गावात लोक हसले. धनगर दावा लावणार, तोही देशमुखावर. अदालत जमीनवाल्यांची, मेंढरांना कुणी वकील देतं का, असली थट्टा झाली. पण आमच्या भावकीनं आपापल्या परीनं हात लावला. कुणी लोकर दिली, कुणी सिरसाळ्याच्या बाजारात कोकरू विकून वकिलाची सोय केली. प्रत्येकाच्या कळपानं ती वेठ केली होती. आण्णा एकटा चालला होता, पण त्याच्यामागं सगळे होते.

वकील भला माणूस होता. त्यानं आण्णाला समजावलं की सरकारनं बेगार बंद केल्याचा हुकूम काढला आहे. बेगार म्हणजे वेठ. मोबदला न देता, धाकानं करून घेतलेलं काम. एवढं मुन्सफासमोर तुझ्या तोंडून आलं की पुरे. बाकी काही बोलू नको.

"घंटेचं बी लिव्हा," आण्णा म्हणाला.

घंटेचं कलम नसतं, असं वकिलानं सांगितलं. आण्णाला ते पटलं नाही. त्याच्या लेखी मुख्य गुन्हा तोच होता. तरी वाटेनं येताना वकिलानं सांगितलेलंच घोळवत आला. वेठ. वेठ केली. मनानं न्हाई केली.

तारखेच्या दिवशी भावकी अदालतीबाहेर लिंबाखाली बसली होती. मुन्सफ नवे आले होते, हैदराबादकडचे. त्यांना मराठी येत नव्हती. एरवी पेशकार मराठीचं उर्दू करायचा, तो त्या दिवशी रजेवर होता. तारीख पुढं जाणार असं दिसायला लागलं. तेव्हा आण्णानं मला पुढं ढकललं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

"माजा भाऊ हाय, सरकार. शाळा शिकलाय."

देशमुखांच्या वकिलाची हरकत आहे का, असं मुन्सफांनी विचारलं. वकिलानं देशमुखांकडं पाहिलं. देशमुख खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि हलकेच हसले. हरकत नव्हती. माझ्या शिक्षणाला मान मिळाला असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं.

आण्णा उभा राहिला. घोंगडी खांद्यावर, हात जोडलेले, पण मान ताठ. तो सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलला.

"हुजूर, आमी वेठ केली. मनानं न्हाई केली. धाकानं केली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुन्सफ, कारकून, देशमुख. मी कमरेत वाकलो. हात आपोआप कपाळाला गेला.

"हुजूर, हमने खिदमत की. अदब से की."

वेठीची मी सेवा केली. धाकाचा आदर केला. मधलं वाक्य गिळलं.

मला शब्द येत नव्हता असं नाही. बेगार हा शब्द मला येत होता. वकिलानं माझ्यासमोरच तो उच्चारला होता. पण हाकिमासमोर कडू शब्द काढायचा नसतो, हे माझ्या जिभेला शिकवलेलं होतं. देशमुख समोर होते. तहसिलीतली जागा डोक्यात होती. आणि त्या अंगणात हेच बोललो तेव्हा गूळ मिळाला होता. कोणतं कारण मोठं, ते मला अजून सांगता येत नाही. सगळी होती.

कारकुनानं लिहून घेतलं. वाचून दाखवलं, उर्दूतच. आण्णानं अंगठा पुढं केला आणि मला हळूच विचारलं, "बराबर हाय न्हवं?"

"बराबर."

त्यानं अंगठा उठवला.

आमचा वकील त्या क्षणी दुसऱ्या दाव्याच्या कागदांत डोकं घालून बसला होता, आण्णाचं बोलणं त्यानं ऐकलंच नव्हतं. त्यानं मान वर केली तोवर अंगठ्याची शाई वाळली होती. दावा फेटाळला गेला. फिर्यादीच सांगतो की त्यानं सेवा केली आणि आदरानं केली, मग बेगार कुठं आली? मुन्सफांचं म्हणणं ऐकलेल्या शब्दांपुरतं बरोबरच होतं.

लिंबाखाली आलो. वकील आण्णावर चिडला होता. एक शब्द सांगितला होता, तोही नीट बोलला नाहीस, म्हणाला. खिदमत कावून म्हणालास? आण्णाला काही उमजेना. त्यानं मला विचारलं, "खिदमत म्हंजी काय रं?"

"सेवा," मी म्हणालो.

"सेवा तर देवाची करत्यात."

मग माझ्याकडं बघत राहिला. भावकी भोवती जमली होती. आमच्या कारभाऱ्यानं, म्हणजे जातीच्या म्होरक्या म्हाताऱ्यानं, विचारलं, "म्हाळू, खरं सांग. देशमुखानं काय दिलं तुला?"

मी तिथंच होतो. हातभर अंतरावर. तोंड उघडायचं होतं फक्त.

आण्णानं माझ्यावरची नजर काढली आणि म्हणाला, "माज्याच तोंडून गेलं असंल. भुललो."

त्या दिवसापासून त्याचं नाव खिदमत्या पडलं. खिदमत्या म्हाळू. पोरं कळपामागून ओरडायची. बाजारात लोक विचारायचे, काय खिदमत्या, आज कुणाची करून आलास? बिरोबाच्या जत्रेत त्याला पालखीला खांदा देऊ दिला नाही. आण्णा हसून घ्यायचा. मला एकदाही काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बोलली ती वहिनी. वाघूर दुरुस्त करत बसली होती, मेंढरं कोंडायची ती जाळी. मी पलीकडून गाठी मारत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, एक इचारू? वेठीला तुमच्या त्या बोलीत शब्दच न्हाई का?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"हाय," मी म्हणालो.

"काय?"

"बेगार."

"बेगार," ती म्हणाली. एकदा, मग पुन्हा एकदा, तोंडात फिरवून बघितल्यासारखं. "मग सोपं तर हाय की."

तिनं गाठ आवळली आणि पुढच्या गाठीकडं सरकली. मला कुणी मारलं असतं, थुंकलं असतं, तर मी सोसलं असतं. 'सोपं तर हाय की' हे मला सोसलं नाही. सोपं होतं. अक्षर न येणाऱ्या बाईला एका दमात आलं, ते शिकलेल्याच्या जिभेवर आलं नव्हतं. त्या जाळीपाशी मी ठरवलं की आता हा शब्द मी गिळणार नाही. मग तहसील जाऊ दे, देशमुख जाऊ दे.

पुढच्या सुगीला देशमुखांचा कारभारी घोड्यावर बसून आला. कळप रानात न्या म्हणाला. आण्णा काठी टेकून उभा राहिला, तेवढ्यात वहिनीच पुढं झाली.

"बेगार न्हाई करणार," ती म्हणाली.

कारभारी चमकला. धनगराच्या बाईच्या तोंडी कचेरीतला शब्द. तो तिला म्हणाला, "कुणी शिकवलं गं तुला?"

"भाऊजींनी," वहिनी म्हणाली. "ते उर्दू शिकलेत."

आम्ही कळप देशमुखांच्या बांधावरून पुढं हाकला. त्यांच्या रानात एकही मेंढरू शिरलं नाही. तरी नासधूस केल्याचं निमित्त काढून त्यांनी आमची मेंढरं कोंडवाड्यात घातली. आणि उलटा दावा लावला. कळप बसवून घेणं हा आपला परंपरेचा हक्क आहे आणि खुद्द म्हाळू धनगरानं भर अदालतीत खिदमत कबूल केलेली आहे. साक्षीदार म्हणून त्यांनी कुणाला बोलावलं असेल? मला. म्हाळूचं बोलणं मीच उर्दूत सांगितलं होतं. आणि मी त्यांचा गूळ खाल्लेला माणूस होतो.

तेच मुन्सफ. तेच लिंबाचं झाड, त्याखाली तीच भावकी. या खेपेला पेशकार हजर होता, पण माझ्यासाठी त्याची गरज नव्हती. देशमुखांच्या वकिलानं मला उर्दूतच विचारलं. म्हाळूनं खिदमत हा शब्द वापरला होता, हे खरं ना?

मी वाकलो नाही. हात कपाळाकडं निघाला होता, तो मी खाली दाबून धरला.

"नहीं, हुजूर. मेरे भाई ने बेगार कहा था. खिदमत मैंने कहा."

वकील गडबडला. देशमुख खुर्चीत पुढं सरकले. मुन्सफांनी चष्मा काढला आणि विचारलं, मग तू तेव्हा खोटं बोललास की आता बोलतो आहेस? मी तुला तुरुंगात टाकू शकतो, हे तुला माहीत आहे?

"डाल दीजिए, हुजूर. तब डर गया था. अब नहीं डरता."

आणि मी सगळं सांगितलं. धान्य न देता बसवलेली मेंढरं, बांधावरच्या काठ्या, वहिनीच्या ओच्यातली कोकरं. घंटाही सांगितली. घंटेचं कलम नव्हतं, तरी मुन्सफांनी कारकुनाला ते लिहायला लावलं. देशमुखांचा दावा टिकला नाही. कळप सोडून देण्याचा हुकूम झाला. मला मुन्सफांनी तुरुंगात टाकलं नाही. बजावून सोडलं. तहसिलीतली जागा मात्र गेली, ती जायचीच होती.

इथं मी थांबलो असतो तर ही गोष्ट चांगली झाली असती. मी आयुष्यभर इथंच थांबवत आलो.

मी बोललो ते उर्दूत बोललो. लिंबाखालच्या माणसांना एक शब्द कळला नव्हता. त्यांनी दारातून एवढंच पाहिलं की आपला पोरगा हाकिमासमोर ताठ उभा राहून बोलतोय आणि देशमुखांचा चेहरा उतरतोय. मी बाहेर आलो तर त्यांनी मला उचलून घेतलं. भावकीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं स्वतःचं पागोटं माझ्या डोक्यावर ठेवलं. अडाण्यानं घालवलं होतं ते शिकलेल्यानं परत आणलं, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

आण्णा गर्दीच्या मागं उभा होता. तोही हसत होता. मी त्याच्याकडं पाहिलं. आत्ता सांगायचं, मराठीत सांगायचं, दोन वाक्यं. पण एवढी माणसं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं अशी बघत होती. ओसरीवरच्या हसण्यासारखं ते नव्हतं. मला ते सोडवलं नाही.

"चला," आण्णा म्हणाला. "मेंढरं कोंडवाड्यात उपाशी हायत."

वहिनीनं मला एकदाच विचारलं, यास्नी आपल्या बोलीत कवा सांगणार? सांगीन, मी म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

निजाम गेला. देशमुखी गेली. मी शाळामास्तर झालो, मराठी शाळेत. जत्रेत मला मानाचा नारळ मिळत राहिला. आण्णा मेंढरामागं फिरत राहिला आणि एक दिवस माळावरच गेला. त्याच्या मातीला आलेला कुणीतरी म्हणाला, खिदमत्या सुटला. मी ऐकलं. माझ्या हातात मातीचं ढेकूळ होतं. ते टाकलं आणि घरी आलो. वहिनी गेली तेव्हाही मी काही बोललो नव्हतो.

ज्या रानासाठी हे सगळं झालं, ते आता माजलगावच्या धरणाखाली आहे. देशमुखांचा नातू पुढारी आहे. मागच्या महिन्यात त्यानं आण्णाच्या नातवाला बोलावून घेतलं. त्याच्या उसाच्या नव्या रानात मेंढरं बसवायची होती. धान्य नाही, पैसा नाही. श्रमदान म्हणाला. आण्णाचा नातू नाही म्हणाला, तेव्हा पुढाऱ्यानं चार माणसांत त्याला ऐकवलं, "तुज्या आज्यानं भर अदालतीत खिदमत कबूल केली होती. तुला कावून लाज वाटती?"

नातू माझ्याकडं आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "आबा, आज्जा खरंच तसं म्हणला होता का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग कोण म्हणलं?"

त्याला मी तिथंच सांगितलं. सगळं, गुळासकट. तो ऐकून घेऊन गेला. वहिनीचंच रक्त. पण त्याला एकट्याला सांगून हे फिटत नाही. नाव चारचौघांत पडलं होतं, चारचौघांतच उतरायला पाहिजे.

म्हणून हे लिहून ठेवलं. मधेच डोळे मिटले तर नातवानं हे वाचावं. मिटले नाहीत तर बिरोबाच्या जत्रेत मी स्वतः उभा राहणार आहे. मानाचा नारळ पुढं येईल तेव्हा तो घेणार नाही. देशमुखांचा नातू पाहुणा म्हणून पुढं बसलेला असेल, त्याच्यासमोर बोलणार आहे. मराठीत. माझ्या भावानं वेठ म्हटलं होतं. मनानं न्हाई केली म्हटलं होतं. धाकानं केली म्हटलं होतं. आणि आज जे श्रमदान म्हणून मागतात, तीही वेठच आहे. या कळपातलं एकही मेंढरू तुझ्या रानात फुकट बसणार नाही.

मग लोकांनी मला काय करायचं ते करावं. खिदमत्या मी आहे. ते नाव इतकी वर्षं माझ्या भावानं वागवलं. ते माघारी घ्यायला मी येतोय.